बॅटरी काढा, मगच पात्याला हात लावा

संग्रामपूर : सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्याच्या गावात सुताराची पडवी ओळखायची ती पूर्वी बाहेर उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकावरून. तिफण, वखर, डवरे आणि गाडीची जू हीच तेव्हाची मुख्य कामे. बाभळीचे कठीण लाकूड हाताच्या करवतीने कापताना दोन माणसांचा घाम निघत असे. ट्रॅक्टर आला तशी औतांची कामे आटली आणि त्यांच्या जागी दाराच्या चौकटी, दिवाण, कपाटे आणि स्वयंपाकघरातील प्लायवूडची मांडणी आली. काम बदलले तसे हत्यारही बदलले. आधी विजेवर चालणारा कटर आला. पण वीज असेल तेव्हाच त्याचा उपयोग. दोन हजारच्या दशकात विदर्भातील ग्रामीण भागाने जे भारनियमन सोसले, त्या काळात कितीतरी कटर दिवसातील बराच वेळ नुसते खुंटीला टांगलेले असत. बॅटरीवर चालणाऱ्या करवतीचे स्वागत अशा गावांत मनापासून झाले, ते या आठवणीमुळेच. शेतातल्या गोठ्यावर वा नव्या बांधकामाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे वीज पोचलेली नसते तिथेही ती चालते.

शहरांतही आता ही करवत केवळ सुताराकडे राहिलेली नाही. घरबसल्या मागवता येते म्हणून हौशी मंडळींच्या कपाटातही ती दिसू लागली आहे. मात्र हत्यार विकत घेणे जितके सोपे झाले, तितके ते हाताळण्याचे शिक्षण सोपे झालेले नाही. करवत चालू असताना माणूस सावध असतो. आवाज असतो, भुसा उडत असतो, डोळे आपोआप पात्यावर खिळतात. यंत्र थांबले, शांतता झाली, पाते बोथट झाले म्हणून ते बदलायला घेतले की सावधपणा गळून पडतो. बोटे दातांच्या अगदी जवळ जातात ती याच वेळी.

तारेच्या यंत्रात एक सोय होती. पाते बदलायचे म्हणजे आधी भिंतीतील प्लग उपसायचा, ही सवय उस्ताद पहिल्याच दिवशी लावत असे. प्लग जमिनीवर लोळताना दिसला की यंत्र निर्जीव झाल्याची खूण पटे. बॅटरीच्या करवतीला तारच नाही, त्यामुळे ती कायमच निर्जीव भासते. वस्तुतः तिचा प्लग तिच्या पोटातच खोचलेला असतो. अठरा व्होल्टच्या बॅटरीचा हाताला झटका बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी वाटते. पण तीच वीज दोन इंच जाडीच्या सागाच्या फळीतून पाते आरपार नेते. बोटाची तिच्यापुढे काय कथा!

हे सामर्थ्य तसे अलीकडचे आहे. तारेविना चालणारे ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्येच बाजारात आणले होते, परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड आणि लवकर दम तोडणाऱ्या होत्या. जपानच्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात आणली, आणि २००५ च्या सुमारास ती हत्यारांत बसू लागली. तेव्हापासून बॅटरीची करवत हे खेळणे न राहता तारेच्या करवतीची बरोबरी करू लागले. सहा-साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरचे पाते मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी फिरते असे धरले, तर त्याच्या कडेवरील दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४३ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक भरतो. हा हिशेब कोणालाही कागदावर करून पाहता येईल.

पाते काढण्याची रीत

प्रथम बॅटरी काढावी आणि ती शेजारी न ठेवता हाताच्या आवाक्याबाहेर ठेवावी. त्यानंतर खटका एकदा दाबून पाहावा. पाते हलले नाही म्हणजे यंत्रात शिल्लक वीज उरलेली नाही, याची खात्री होते. बहुतेक करवतींना खटक्याखेरीज एक सुरक्षा-बटण असते व दोन्ही एकदम दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, हे खरे. पण करवत उचलताना पंजाची पकड नेमकी त्याच दोन जागी पडते. सुरक्षा-बटण आहे म्हणून बॅटरी न काढण्याची सबब चालणार नाही.

करवत स्थिर पृष्ठभागावर, पात्याची बाजू वर किंवा आपल्याकडे येईल अशी ठेवावी. मांडीवर ठेवून पाते बदलण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोडलेली बरी. नुकतेच काम थांबवले असेल तर पाते तापलेले असते, म्हणून ते निवू द्यावे. हातात जाड मोजे असावेत किंवा निदान पात्यावर जाड फडके धरावे. थांबलेल्या पात्याचे दातही कातडी सहज फाडतात.

करवतीच्या मानेजवळ एक लहान दट्ट्या असतो. तो दाबला की पात्याचा दांडा फिरायचा थांबतो व बोल्ट सैल करता येतो. पाते हाताने हळूहळू फिरवावे, म्हणजे हा दट्ट्या खाचेत बसल्याचे जाणवते. फिरते पाते लवकर थांबावे म्हणून दट्ट्या दाबणारे महाभाग असतात. त्यांच्या करवतीच्या आतील खाच झिजते आणि पुढे ऐन बोल्ट आवळताना दांडा निसटतो.

यानंतर येतो बोल्ट, आणि येथेच अनेकांची फसगत होते. बोल्ट कोणत्या बाजूने फिरवायचा? घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की नट-बोल्ट सैल होतात, ही आपली लहानपणापासूनची समजूत. करवतीचे पाते यंत्राच्या उजव्या बाजूस असेल तर ती बहुधा खरी ठरते. पण बॅटरीवरील पुष्कळ करवतींचे पाते डाव्या बाजूस असते आणि तेथे उलटे आटे असतात. तिथे बोल्ट काट्यांच्याच दिशेने सैल होतो. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावत बोल्ट अधिकाधिक आवळत जातो, शेवटी पाना निसटतो आणि मूठ थेट दातांवर आदळते. प्रस्तुत प्रतिनिधीनेही ही चूक एकदा केली आहे. उजव्या हाताच्या दोन पेरांवर तिच्या खुणा आहेत.

डावे-उजवे पाठ करण्यापेक्षा एक सूत्र ध्यानात ठेवावे : काम करताना पाते ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने बोल्ट फिरवला की तो सैल होतो. यामागे कारण आहे. लाकूड कापले जात असताना ते पात्याला मागे ओढत असते. ही ओढ बोल्टला त्याच्या आवळण्याच्या दिशेनेच मिळावी, म्हणजे काम करता करता तो सुटणार नाही, अशी आट्यांची रचना केलेली असते. पाते कोणत्या दिशेने फिरते हे गार्डवरील बाण सांगतो. यंत्रासोबत आलेली पुस्तिका हाताशी असेल तर शंका उरतच नाही, पण ही पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते असा सर्वसाधारण अनुभव.

पाना हाताच्या मापाचा नसून बोल्टच्या मापाचा असावा. यंत्राच्या बुडाशी खोचलेली ॲलन की हरवली म्हणून पक्कडीने बोल्ट फिरवला, तर त्याचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी तो कोणत्याच पान्याला दाद देत नाही. जोर लावताना पाना स्वतःकडे न ओढता दातांपासून दूर जाईल अशा बेताने धरावा. बोल्ट निघाला की बाहेरची चकती काढावी, खालचा गार्ड त्याच्या दांडीने मागे सरकवावा आणि पाते खालच्या बाजूने अलगद बाहेर घ्यावे.

नवे पाते बसवताना

आतल्या व बाहेरच्या चकतीवर बसलेला भुसा, राळ कोरड्या फडक्याने पुसून काढावी. भुशाचा एक पातळ थर जरी मध्ये राहिला, तरी पाते किंचित वाकडे बसते, काप रुंद होतो आणि यंत्र थरथरते. नव्या पात्यावर तीन गोष्टी छापलेल्या असतात : व्यास, मधल्या छिद्राचे माप आणि मिनिटाला कमाल फेरे. छिद्र २० मिलिमीटरचे आणि दांडा १६ चा असेल तर पात्यासोबत मिळणारी योग्य मापाची कडी घालावी. कागदाची घडी किंवा पत्र्याचा तुकडा घालून भागवू नये. पात्यावरील कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील, तर ते पाते कितीही स्वस्त मिळाले तरी त्या यंत्राचे नव्हे.

पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेने हवेत. सोपी खूण म्हणजे यंत्राच्या पुढच्या अंगाला दातांची टोके वर बघत असावीत. हातातली ही करवत लाकूड खालून वर कापते. त्यामुळे वरच्या बाजूस कपच्या उडतात आणि खालची बाजू स्वच्छ राहते. सनमायका लावलेली प्लाय कापताना चांगली बाजू खाली ठेवण्याचा सुतारांचा रिवाज यातूनच आला आहे.

बोल्ट घट्ट आवळावा, मात्र पान्यावर पाईप चढवून नव्हे. दट्ट्या सोडला आहे ना, हे पाहून पाते हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. ते डुगडुगत असेल किंवा कुठे घासत असेल तर पुन्हा उघडावे. पाना जागेवर ठेवल्यावर, खालचा गार्ड मागे सारून सोडून पाहावा. तो स्प्रिंगच्या जोराने आपोआप मिटला पाहिजे. एवढे झाल्यावर बॅटरी बसवावी आणि करवत अंगापासून दूर धरून अर्धा मिनिट रिकामी चालवून पाहावी.

उघडे पाते

येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडे लाकूड कापण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे यंत्र लाकडाचे नाहीच. ते फरशी कापण्याचे, चार इंची पात्याचे मार्बल कटर आहे. त्यालाच लाकडाचे दातेरी पाते लावून घरोघरी फर्निचर तयार होते. हे कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. ११० मिलिमीटरच्या पात्यासाठी हा वेग दाताला सेकंदाला सुमारे ७५ मीटर पडतो, म्हणजे वर सांगितलेल्या करवतीच्या पावणेदोन पट. फरशीच्या हिऱ्याच्या पात्याला दात नसतात, म्हणून त्या यंत्राला खालून मिटणारा गार्डही नसतो. लाकडाचे दातेरी पाते लावले की उघडे दात आणि हात यांच्यामध्ये काहीच उरत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ग्राइंडरला दातेरी पाते लावणे. स्वस्तात पडते, सगळेच करतात, ही त्यावरची नेहमीची उत्तरे. सुताराच्या रोजंदारीचा विचार करता पहिले उत्तर समजू शकते, दुसरे नाही.

ज्या करवतींना मिटणारा गार्ड आहे, त्यांचा गार्डही पुष्कळदा तारेने वर बांधलेला किंवा पाचर मारून अडकवलेला आढळतो. रेघ दिसत नाही, गार्ड मध्येच अडतो, ही तक्रार खोटी नसते. पण गार्ड अडतो तो त्यावर राळ आणि भुसा साचल्याने. तो पुसून काढण्याचे काम दोन मिनिटांचे. बांधून ठेवलेल्या गार्डची करवत काम झाल्यावर जमिनीवर ठेवली, तर अजून फिरत असलेले पाते तिला पुढे ढकलते आणि ती पायाकडे धावते. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा घालणे बंधनकारक होते, पण तो कायदा कारखान्यांपुरता होता. घरात किंवा पडवीत काम करणाऱ्या सुताराला असा आडोसा सांगणारा निरीक्षक नाही. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये सुतारांचा समावेश आहे; पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य अशी तिची मांडणी आहे. या प्रशिक्षणात पाते बदलण्याला एखादा तास मिळाला, तर तो वाया जाणार नाही.

संग्रामपूरसारख्या ठिकाणी या प्रश्नाला अंतराची बाजू आहे. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय वरवट बकाल येथे आहे. रक्तस्राव थांबवणे, टाके घालणे तिथे होऊ शकते. परंतु तुटलेले बोट जोडायचे तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते आणि जवळचे मोठे शहर म्हणजे शेगावमार्गे अकोला. रस्त्याने तासाभराहून अधिक. म्हणून वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे : जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून निकामी होतात. हळद, चहापूड किंवा तंबाखू जखमेत भरू नये. शल्यविशारदाचा अर्धा वेळ ती काढण्यात जातो.

पात्याची निगा

बोथट पाते धारदार पात्याहून अधिक धोक्याचे असते, हे प्रथमदर्शनी पटत नाही. बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी घासते. त्यामुळे आपण जोर लावतो, पाते कापात अडकते आणि करवत झटक्यासरशी मागे उसळते. कापलेली कड काळी पडणे, धुराचा वास, कपच्या निघणे आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरणे ही बोथटपणाची लक्षणे. मात्र प्रत्येक वेळी धार गेलेली नसते. सागातील तेल, निंबाचा डिंक, प्लायमधील सरस दातांच्या मुळाशी साचून कडक होतो आणि पाते बोथट वाटते. ते काढून कोमट पाण्यात कपडे धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण घालून पंधरा-वीस मिनिटे भिजत ठेवावे आणि नायलॉनच्या ब्रशने दातांच्या दिशेने घासावे. कॉस्टिक सोडा टाळावा. धुतल्यावर लगेच पुसून, उन्हात वाळवून तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो. वापरण्यापूर्वी ते तेल पुसायला विसरू नये, नाहीतर पहिल्याच फळीवर डाग पडतो.

हाताच्या करवतीला तिकोनी कानस मारून धार लावणारे हात आजही खेड्यांत आहेत. ही कला मात्र नव्या पात्यावर चालत नाही. त्याच्या दातांच्या टोकांवर टंगस्टन कार्बाइडचे तुकडे डाखलेले असतात आणि ते कानशीपेक्षा कठीण असतात. त्यांना हिऱ्याच्या चाकावरच धार लागते. ही सोय जवळ नसेल, तर खर्च आणि खेपेचा हिशेब करता नवे पाते घेणेच बहुधा परवडते. ज्या पात्याचा एक जरी दात उडाला आहे, ज्याच्या अंगाला चीर गेली आहे किंवा जे तापून निळे पडून वाकले आहे, ते धार लावण्याच्या लायकीचे उरलेले नसते. जुन्या गाडीचे वा चौकटीचे लाकूड कापण्यापूर्वी त्यातले खिळे शोधून उपटणे, हा दात वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय.

पाते निवडतानाही बॅटरीचा विचार करावा. मोकळे लाकूड लांबीने चिरायला २४ दातांचे पाते चपळ पडते, तर प्लाय आणि सनमायकासाठी ४० ते ६० दातांचे. पातळ काप घेणारे पाते लाकूड कमी खाते आणि बॅटरीही. कापताना पाते फळीच्या खाली जेमतेम दातभर बाहेर यावे; त्याहून अधिक काढण्याने काम वेगाने होत नाही, उघडे पाते तेवढे वाढते.

बॅटरीचा शत्रू ऊन. या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून वर. चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेक उत्पादक ४० अंशांच्या आसपास सांगतात. त्यामुळे उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री, घरातल्या गार कोपऱ्यात करावे आणि कामावरून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. सुटी बॅटरी खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात टाकल्यास तिची दोन टोके जुळून आग लागू शकते. टोकांवरील झाकण त्यासाठीच असते.

वर्तुळाकार पात्यासाठी सांगितलेले नियम जिगसॉच्या सरळ पात्यालाही लागू आहेत. तेथे बोल्टऐवजी फिरती कडी असते आणि पाते काम संपताच हात भाजण्याइतके तापलेले असते. पायथ्याच्या संत्रा बागांत छाटणीसाठी बॅटरीच्या छोट्या साखळी-करवतीही आता दिसतात. एका हाताने चालवता येतात हीच त्यांची जाहिरात आणि हाच त्यांचा दोष, कारण दुसरा हात नेमका कापल्या जाणाऱ्या फांदीवर असतो. त्यांची साखळी आवळतानाही बॅटरी बाहेरच हवी.

उरता उरले जुने पाते. हाताच्या करवतीचे जुने पाते लोहाराकडे नेऊन त्याचा विळा किंवा सुरी करून घेण्याची चाल आहे. कार्बाइडच्या पात्याच्या बाबतीत ती टाळावी. दात घासून काढताना उडणाऱ्या धुळीत कोबाल्ट असते आणि ती फुप्फुसांना बाधते. असे पाते दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, दोरीने बांधून, वर ‘धारदार’ असे ठळक लिहून भंगारवाल्याच्या हाती द्यावे. नुसते कचऱ्याच्या पिशवीत टाकले, तर ती उचलणाऱ्या सफाई कामगाराचा हात कापतो.